तिसरी बशी

स्पेनमधल्या ग्रानादा शहराच्या साइदीन वस्तीतली निम्मी माणसं रस्त्यात भेटली तर रेमेला ओळखू येत नाहीत. 'अहो, मी रोज तुमच्या हातचं खातो!' असं कुणी कौतुकानं सांगितलं, तरी ती त्याच्याकडं नुसती बघत राहते. पण तोच माणूस जर म्हणाला, की मी ऑलिव्हच्या बिया बशीच्या काठावर ओळीनं मांडून ठेवतो, तर तिचा चेहरा लगेच खुलतो. 'अगंबाई, ते तुम्ही होय! पावाचा कडक भाग टाकून देता रोज. दातांचं काही आहे का?' माणूस बिचारा भर रस्त्यात ओशाळतो आणि पुढच्या वेळी पाव मुकाट्यानं संपवतो.

रेमेचं पूर्ण नाव रेमेदियोस, पण त्या नावानं तिला फक्त डॉक्टर हाक मारतात. सव्वीस वर्षं झाली, ती सेसिलियोच्या बारमध्ये स्वयंपाक करते. स्वयंपाकघर कसलं, बोळच तो. दोन शेगड्या, एक तळणीची कढई, मोरी, आणि भिंतीत दीड हात रुंद खिडकी. त्या खिडकीतून भरल्या बशा बाहेर जातात आणि उष्ट्या बशा आत येतात. खिडकीतून दिसतात वाइनची पिंपं आणि सेसिलियोची पाठ, आणि ती पाठ भलतीच ऐसपैस असल्यामुळे पलीकडं कोण बसलंय, कोण उठलं, यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. मग रेमे बशा वाचते. कोण घाईत होतं, कुणाचं घरी भांडण झालं, कोण नव्यानं प्रेमात पडलंय आणि अन्नाकडं लक्षच नाही, हे सगळं तिला खरकट्यावरून कळतं. यात ती फारशी चुकत नाही.

ग्लास मागवला की सोबत खाण्याची बशी येणार, हे ग्रानादात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या बशीचे वेगळे पैसे नाहीत, आणि म्हणूनच बशीत काय असावं हे गिऱ्हाइकानं बोलायचंही नाही. पहिल्या ग्लासाला पहिली बशी, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्याला तिसरी. कुणाचा कितवा ग्लास हे सेसिलियो डोक्यात ठेवतो आणि मागं वळूनही न बघता ओरडतो, 'खांबापाशी दोन पहिल्या! टेबल चारला एक तिसरी!' रेमेची पहिली म्हणजे पावावर भाजलेली लाल भोपळी मिरची आणि वर खारवलेली मासळी. दुसरी म्हणजे वांग्याची कुरकुरीत कापं, वरून उसाची काकवी. आणि तिसरी म्हणजे बदामाच्या रश्शातले खिम्याचे गोळे. चौथीही आहे, पण चौथीपर्यंत पोचलेल्या माणसाला आपण काय खातोय याची शुद्ध नसते, त्यामुळे रेमे चौथीत फारसा जीव ओतत नाही.

लोक थांबतात ते तिसरीसाठी. वस्तीतल्या बायका गुरुवारी खास तिसऱ्या ग्लासापर्यंत गप्पा लांबवतात. एकदा एक वकीलसाहेब म्हणाले, पैसे घ्या पण मला आधीच तिसरी द्या. सेसिलियोनं पुसता ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, 'हॉस्पिटलात जा. तिथं मागाल ते पथ्याचं मिळतं.' ग्रानादाचा माणूस मुळातच तुसडा, त्यातून सेसिलियो म्हणजे त्या तुसडेपणातला सुवर्णपदकवाला. वकीलसाहेब तरीही येतात आणि तीन ग्लास रीतसर पितात.

पण या मोजण्यात पोटापेक्षा मानाचा भाग मोठा आहे. तुमचा ग्लास कुणीतरी ध्यानात ठेवतंय, म्हणजे तुम्ही इथले. एखाद्याला तिसऱ्या ग्लासालाही पुन्हा पहिलीच बशी आली, तर त्याचा सरळ अर्थ असा, की तुम्ही कोण, कधी आलात, आमचं काही लक्ष नाही. वाटेवरच्या पाहुण्याला ते कळतही नाही. घरच्या माणसाला मात्र ते थोबाडीत मारल्यासारखं लागतं. आणि रेमेच्या हातून नेमकं तिच्या सख्ख्या बहिणीला तेच घडलं.

त्रिनी तिच्याहून तीन वर्षांनी थोरली. दोघी डोंगरातल्या एकाच घरातून एकच पेटी घेऊन शहरात आल्या, तेव्हा धाकटी एकोणीस वर्षांची होती. पाच वर्षं एका खोलीत, एका पलंगावर झोपल्या. एका हॉटेलात चादरी धुतल्या. लग्नंही एकाच वर्षी केली, आणि नवऱ्यांना सांगून ठेवलं की घर घ्यायचं तर दोन गल्ल्यांच्या आत. त्या बिचाऱ्यांनी ऐकलं. रेमेचा फेर्मीन शहर बस चालवतो, शांत माणूस आहे. तो म्हणायचा, 'मी एकीशी लग्न केलं आणि मला दोघींचं ऐकावं लागतं.'

सात वर्षांपूर्वी त्रिनीच्या मुलाचं लांब उत्तरेकडच्या बुर्गोसच्या मुलीशी जमलं. व्याही-विहीण पहिल्यांदा ग्रानादात आले ते नेमके जूनच्या जत्रेच्या आठवड्यात. त्रिनी त्यांना मोठ्या दिमाखात सेसिलियोच्या बारमध्ये घेऊन आली. टेबल सहा. 'घाई करू नका हं,' ती विहिणीला म्हणाली. 'तिसऱ्या बशीपर्यंत थांबा. आत माझी बहीण आहे. तिच्या हातचे गोळे खाल्ले नाहीत, तर ग्रानादा बघितलंच नाही असं समजा.'

जत्रेमुळे बारमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. सेसिलियोनं आठवड्यापुरता एक वाढपी ठेवला होता, चांगला चाळिशीचा, पण मोजण्याच्या नावानं शंख. त्यानं ओरडून सांगितलं, 'टेबल सहाला चार पहिल्या!' रेमेनं दिल्या. थोड्या वेळानं पुन्हा, 'टेबल सहाला चार पहिल्या!' तिनं दिल्या. माणसं बदलली असतील असं तिला वाटलं. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा विहिणीपुढं मिरच्या आल्या, तशी त्रिनी ताडकन उठली आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेमेच्या दारात उभी.

'विहिणीपुढं नाक कापलंस माझं!'

'मी? मी तर कढईपुढं होते!'

'तीनदा मिरची, रेमे! तीनदा! जत्रेला आलेल्या उपऱ्यासारखी!'

'मग खिडकीशी येऊन सांगायला तोंड नव्हतं का तुला?'

'मी यायचं? विहिणीला बसवून ठेवून मोरीपाशी? तू बाहेर यायचंस! एकदा तरी डोकावून बघायचंस, आपलं माणूस आलंय का ते!'

'तेल तापत ठेवून? मी धंद्याच्या वेळी आजवर बाहेर आलेय का कधी?'

'तेच तर म्हणतेय मी,' त्रिनी म्हणाली. 'तेच म्हणतेय.' आणि गेली.

दोघींचंही बरोबर होतं, तिथंच घोडं अडलं. एकीचं चुकलं असतं तर तिनं माफी मागून प्रकरण मिटवलं असतं. शेजारणींनी मध्ये पडून बघितलं, पण रेमेनं सगळ्यांना बजावलं, 'त्या घरचं मला काही सांगायचं नाही. एक शब्द नाही.' लोकांनीही मग नाद सोडला. त्रिनीनं सेसिलियोच्या गल्लीतून जाणंच टाकलं. रोजचा पाव आणायला ती अर्धा मैल लांबच्या दुकानात जायला लागली. अशी सात वर्षं गेली.

तसं म्हणाल तर रेमे सुखी बाई. संध्याकाळी आठच्या सुमाराला बार भरायला लागतो, पहिल्या वांग्याची कापं तेलात पडतात, बाहेरून खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, तेव्हा तिला खरंच बरं वाटतं. आपण केलेलं तीस माणसं खाताहेत, हा काय लहान आनंद आहे? फक्त जून आला, जत्रेचे दिवे लागले, की ती चिडचिडी व्हायची, आणि फेर्मीन त्या आठवड्यात जादा ड्युटी मागून घ्यायचा.

यंदा फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी डोंगरावर बर्फ होतं, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, त्यामुळे बार लवकरच भरला. सव्वाआठला सेसिलियो ओरडला, 'दाराशी एक पहिली!'

रेमेनं दिली. इतर दहा बशांबरोबर तीही गेली. दहा मिनिटांनी उष्ट्या बशांची चळत आत आली, आणि मोरीत टाकता टाकता रेमेचा हात थांबला.

एका बशीत मिरचीचं साल होतं. सोलून, चार घड्या घालून, काठाशी ठेवलेलं. भाजलेल्या मिरचीवर ते पापुद्र्याएवढं साल कुठंतरी चुकून राहतं. जगात कुणी ते काढत बसत नाही. लहानपणी जेवताना यावरून आई धपाटे घालायची, 'राणीसाहेब आहेस का? खा सालासकट!' आणि त्रिनी रडत रडत सोलायची, पण सोलायचीच.

रेमेनं बशी दिव्याखाली धरली. बघितली. पुन्हा बघितली.

'सेसिलियो!'

'काय?'

'दाराशी कोण आहे?'

'बाई आहे. वाइन पितेय.'

'कोण बाई?'

'मी काय जनगणना करतोय? तू तळ.' जरा थांबून तो, पाठ तशीच ठेवून, म्हणाला, 'एवढं असेल तर बाहेर येऊन बघ की. दहा पावलं आहेत.'

म्हणजे तीच. कुणी नवखी बाई असती, तर सेसिलियोनं दोन शिव्या घालून सांगून टाकलं असतं.

आता काय करावं? रेमेला काही सुचेना. त्रिनी आयुष्यात कधी एका ग्लासापुढं गेलेली नव्हती. एक ग्लास, ओठ पुसले, चला घरी. विहीण-व्याह्यांसाठी तेवढी तिनं मर्यादा सोडली होती, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आत्ता ती उठून गेली, तर पुन्हा या दारात पाऊल ठेवायची नाही. एवढी रेमे तिला ओळखत होती. जावं का बाहेर? बाहेर जाऊन म्हणायचं काय? आणि ती सहज आली असेल तर? थंडी वाजली म्हणून शिरली असेल, आणि आपण एप्रन लावून पुढं उभ्या राहिलो आणि तिनं तोंड फिरवलं, तर अख्ख्या वस्तीसमोर शोभा. रेमेनं तीन बशा चुकीच्या भरल्या. एका माणसाला वांग्यावर मासळी गेली. त्यानं ती खाल्ली, कारण ग्रानादात बशीबद्दल बोलायचं नसतं.

तिचे कान बाहेर लागले होते. ग्लासांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं, दार उघडल्याचा आवाज. दार उघडलं की ती कढईतला हात थांबवून पावलं ऐकायची.

'दाराशी एक दुसरी!'

रेमेचा जीव भांड्यात पडला. ती लगेच कामाला लागली, आणि मग त्या एका बशीपायी तिनं जो काही घोळ घातला, तो बघायला कुणी नव्हतं हे नशीब. कापं तळली, ती जरा जास्त लाल झाली म्हणून टाकून दिली. नवीन कापली, जास्त पातळ. बशीत दहा ठेवली. मग वाटलं, दहा कशाला? सगळ्यांना सात जातात. दहा म्हणजे आपण लाडीगोडी लावतोय. तीन काढली. मग सात फारच मोजून मापून दिल्यासारखी दिसायला लागली. एक परत ठेवलं. पुन्हा काढलं. काकवी मात्र हात सैल सोडून घातली, काकवीला कोण मोजतंय?

'रेमे, वांगी पिकवायला गेलीस का शेतात?' सेसिलियोनं विचारलं.

'तुझं तोंड बंद ठेव आणि ही बशी आधी दे. दाराशी. नीट धर!'

ती बशी परत आली तेव्हा रेमेनं हातातली पळी खाली ठेवली आणि बशी उचलली. बशी लख्ख होती. काकवी पावानं पुसून घेतलेली, कोपऱ्यातलीसुद्धा. रेमेला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. आवडलं तर! तिनं डोळे कोपरानं पुसले आणि गोळ्यांच्या पातेल्याखालची आच वाढवली. त्रिनीचा तिसरा ग्लास येईल, त्याला ती तिसरी बशी देईल. नीट, रीतसर, सात वर्षांपूर्वी द्यायची होती तशी. एक शब्दही न बोलता सगळं मिटेल. रेमेनं मनातल्या मनात बशी भरूनही टाकली.

मग सेसिलियोचा आवाज आला. या वेळी तो ओरडला नाही. चक्क मागं वळला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, 'दाराशी एक पहिली.'

'पहिली? दुसरं कोण आलं दाराशी?'

'कुणी नाही. तिचा तिसरा ग्लास आहे. पण ती म्हणते पहिलीच दे. मिरचीची. म्हणाली, आत सांग, मला तिसऱ्या ग्लासाला पहिलीच लागते.'

रेमे आधी लाल झाली, मग पांढरी. इतकी वर्षं बसून शिजवलेला टोमणा! आणि वर बशी मागून घेतेय! या बारमध्ये! वकिलाला नाही मिळाली, आणि ही मागतेय!

तिनं गॅस बंद केला. दोन्ही शेगड्यांचा. सव्वीस वर्षांत धंद्याच्या वेळी कधी बंद झाला नव्हता तो. मोरीशेजारचं दार ढकलून ती बाहेर आली, हाताला पीठ, एप्रनवर काकवी, आणि गर्दीतून वाट काढत सरळ दारापाशी गेली. लोक माना वळवून बघायला लागले. काही लोकांनी रेमेला उभं कधी पाहिलंच नव्हतं. ती किती बुटकी आहे हे त्यांना तेव्हा कळलं.

त्रिनी उंच स्टुलावर बसली होती. अंगातला कोट काढलेला नव्हता. केस पार पांढरे, पुरुषासारखे कापलेले.

'पहिली पाहिजे म्हणे तुला!' रेमे म्हणाली.

'हो. मला इथं तीच मिळते. सवय झालीय.'

'सात वर्षांनी आलीस ती टोमणा मारायला?'

'टोमणा मारला म्हणून आलीस ना बाहेर? दोन बशा मी वाट बघितली. म्हटलं आता येईल, आता येईल. ही बया वांगी तळत बसली!'

मागून सेसिलियोनं हाळी दिली, 'रेमे! चार पहिल्या, दोन दुसऱ्या!'

'तूच तळ!' ती न वळता म्हणाली. मग त्रिनीकडं बघत, जरा खालच्या आवाजात, 'केस कधी कापलेस?'

'चार वर्षं झाली.'

'बरे दिसतात.'

'खोटं बोलू नकोस. भांडी घासायच्या ब्रशसारखे दिसतात.'

'हो, तसेच दिसतात.'

त्रिनीच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं ग्लास बाजूला सरकवला आणि एका दमात सांगून टाकायचं ठरवल्यासारखी बोलायला लागली. 'ऐक. रविवारी नातीचा वाढदिवस होता. विहीण आली होती बुर्गोसहून, कासिल्दा. त्या दिवसापासून मी त्या बाईपुढं मान वर करून बोलले नाही, रेमे. सात वर्षं. तिनं काही आणलं की मी दुप्पट द्यायची. ती बसली की मी उभी. शेवटी म्हटलं, आता पुरे. तिला म्हटलं, कासिल्दा, जत्रेच्या वेळी माझ्या बहिणीच्या बारमध्ये तुमचा जो अपमान झाला, त्याबद्दल मला माफ करा.'

'मग?'

'ती म्हणते, कसला अपमान?'

'म्हणजे?'

'म्हणजे तिला काही ठाऊकच नाही! अगं, बुर्गोसला बशीचे पैसे पडतात. तिला वाटलं, बाई गं, काय हे गाव! ग्लासामागं मिरची, तीही फुकट! पुन्हा ग्लास, पुन्हा मिरची! म्हणाली, आम्ही दोघं खोलीवर जाऊन त्याबद्दलच बोलत होतो. घरी जाऊन महिनाभर शेजारणीला सांगत होते, तर ती म्हणाली थापा मारतेस. आणि पुढं म्हणते, मी पहिल्यांदा मिरची छान आहे म्हटलं ना, ते तुमच्या बहिणीनं आतून ऐकलं असेल, म्हणून मायेनं आणखी दोनदा पाठवली.'

रेमे तोंड उघडं टाकून बघत राहिली. 'मायेनं?'

'मायेनं.'

'मग तू ताडकन उठलीस, ते?'

'तिला वाटलं मला मळमळतंय. तिनं मला पर्समधून गोळी काढून दिली होती. तेव्हा मला वाटलं, मुद्दाम खिजवतेय.'

शेजारचा म्हातारा फिस्सकन हसला. रेमेनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ग्लासात तोंड घातलं. पण मग तिचंच पोट हलायला लागलं, आणि त्रिनीचंही, आणि दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की रेमेला स्टुलाचा आधार घ्यावा लागला. हसता हसता कधीतरी त्रिनी रडायला लागली.

'सात वर्षं, रेमे. मी वेडी आहे का गं?'

'आहेस. मीही आहे.'

'मला तुझी फार आठवण यायची.'

'मग यायचं होतंस.'

'तू यायचं होतंस!'

पुन्हा तिथूनच सुरुवात होते आहे, हे दोघींनाही कळलं.

'रविवारी केक कापताना नात विचारत होती,' त्रिनी डोळे पुसत म्हणाली, 'आजी, तुला बहीण का नाही? पाच वर्षांची झाली, रेमे. आणि तिला तू माहीतच नाहीस.'

हे मात्र रेमेला आत कुठंतरी बसलं. हसण्यावारी नेता येण्यासारखं ते नव्हतं. दोन गल्ल्यांवर एक मूल जन्मलं, चालायला लागलं, पाच वर्षांचं झालं, आणि आपण लोकांच्या तोंडावर हात ठेवत बसलो. मनात आणलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि तिनं ती लपवलीही नाही.

'नाव काय ठेवलंय?' तिनं विचारलं.

'नोआ.'

'हे कसलं नाव? कुठल्या संतिणीचं?'

'सुनेनं ठेवलंय. मला कोण विचारतंय?'

'शनिवारी दुपारी घेऊन ये तिला. आल्या आल्या तिसरी देईन.'

'आल्या आल्या? मोजायचं नाही?'

'पाच वर्षांची पोर काय तीन ग्लास पिणारे?'

'आणि मला?'

'तुझा तिसरा भरलाय ना? मग गप बस, आणि तो कोट काढ आधी. बघून मला धडकी भरते.'

त्रिनीनं कोट काढला, घडी घालून मांडीवर ठेवला. रेमे आत गेली. गॅस पेटवला, तेल पुन्हा तापवलं, खोळंबलेल्या बशा भराभर दिल्या. दहाएक मिनिटं त्या बारमध्ये लोकांनी नुसती वाइन प्यायली होती, बशीशिवाय, ग्रानादात! आणि कुणी चकार शब्द काढला नाही. सेसिलियोनं शेवटी घसा खाकरला आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यांदाच ओरडला, 'दाराशी एक तिसरी!'

रेमेनं तीन गोळे ठेवले, सगळ्यांना ठेवते तेवढेच, वर बदामाचा रस्सा, आणि बशी दिली.

मग ती तळत राहिली, आणि वाट बघत राहिली. बशी परत आली तेव्हा तिनं ती आधी मागं न बघताच हातात घेतली. वळून बघितलं, तर बशीत एक अख्खा गोळा तसाच होता. रस्सा भोवती, काटा बाजूला नीट ठेवलेला.

रेमेचा चेहरा पडला. 'सेसिलियो, ही अशी का आली? नाही आवडला तिला?'

'मला काय विचारतेस? म्हणाली, तो तुझा आहे. गरम आहे तोवर खा म्हणाली. आणि म्हणाली, तिला विचार, आज काही खाल्लंयस का.'

रेमे बशीकडं बघत राहिली. सव्वीस वर्षांत त्या खिडकीतून किती हजार बशा आत आल्या असतील. बिया आल्या, हाडं आली, कडा आल्या. तिच्यासाठी म्हणून कुणी काही ठेवून पाठवलं नव्हतं. आणि खरंच, सकाळच्या कॉफीनंतर तिनं काही खाल्लेलं नव्हतं.

बटाट्यांची पेटी तिनं पायानं पुढं ओढली आणि त्या दिवसात पहिल्यांदा खाली बसली. बशी मांडीवर घेतली. गोळा अजून कोमट होता.

'खांबापाशी तीन दुसऱ्या!' बाहेरून सेसिलियो ओरडला. 'टेबल दोनला चार पहिल्या! रेमे! ऐकू येतंय का?'

'थांबायला सांग त्यांना,' रेमे घास घेत म्हणाली. 'मी जेवतेय.'